विहीणबाईंचा काळा किमोनो

“काळं? लग्नात?” हौसाआत्यांनी हातातलं पानाचं तबक खाली ठेवलं. “आणि ते बी नवरीच्या आईनं?”

इंगवल्यांच्या घरी पलंगावर तो किमोनो पसरला होता. जाड रेशीम, काळंभोर. पाठीवर, छातीवर आणि बाह्यांवर मिळून पाच लहान पांढरी गोल चिन्हं होती, ती त्यांच्या घराण्याची खूण. वरचा सगळा भाग साधा आणि खाली घेराला मात्र सोनेरी झाडं आणि उडते सारस. मी आयुष्यभर रेशमातच हात घातलेत, पण तसं कापड हाती आलं नव्हतं.

हौसाआत्या म्हणजे नवरदेव रणजितची थोरली आत्या. रणजितचे आईवडील होते, पण घरात शब्द चालायचा तो आत्यांचा. पलीकडे खुर्चीच्या कडेवर नवरीची आई, काझुए मोरीता, बसल्या होत्या. आदल्याच दिवशी जपानहून आल्या होत्या. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण आत्यांचा सूर कळायला भाषा लागत नाही. त्यांनी डाव्या हातानं किमोनोची एक बाही उगीचच सरळ केली.

“आत्या, आमच्यात नवरीची आई काळंच घालती,” मिहो म्हणाली. मिहो ही नवरी. पुण्यात जपानी शिकवायला आली होती, तिथं रणजित भेटला. मराठी मात्र ती या घरात येऊन जाऊन शिकली, त्यामुळे पक्की कोल्हापुरी. आमच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, तसंच तीही म्हणायची. “हा सगळ्यात मानाचा किमोनो हाय. दुसरं काय घातलं तर लोक म्हणतील, आईच्या मनात हे लग्न न्हाई. आज्जीचा हाय हा. आईच्या लग्नात आज्जी हाच घालून तिच्या मागं उभी होती. आता आई माझ्या मागं उभी राहणार. बाबा तर न्हाईत. आमच्याकडनं ती एकटीच आलीया.”

आत्यांची काळ्यावरची नजर काही हटेना.

मी म्हटलं, “आत्या, संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा तुम्हीच नेसवता की. वर हलव्याचे दागिने घालून गल्लीभर मिरवता. तवा काळं गोड कसं लागतंय?”

“ते थंडीचं असतंय. ऊब राहती म्हणून.”

“मग ह्या बर्फातनं आल्यात. त्यांची थंडी अजून उतरायची असंल.”

रणजितची आई तोंडाला पदर लावून हसली. आत्यांनाही हसू आवरेना. “शालन, तुझ्या तोंडाला कुणी लागावं,” त्या म्हणाल्या आणि तबक परत उचललं. म्हणजे परवानगी मिळाली. मिहोनं आईला ते सांगितलं, तशा काझुएबाई उठून कमरेत वाकल्या. आत्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी त्यांच्या हातावर सुपारी ठेवली.

मी शालन चौगुले. नवरीला नऊवारी नेसवणं हा माझा धंदा. त्या वर्षी मला त्यात बावीस वर्षं झाली होती आणि कोल्हापुरात माझं नाव होतं. नाव होतं, म्हणजे थोडा माजही होता, खोटं कशाला बोलू. माझा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता. मी नेसवत असताना बाईनं बोलायचं नाही आणि हलायचं नाही. निऱ्यांना हात घातला की नवरी काय, नवरीची आई काय, सगळ्यांनी खांबासारखं उभं राहायचं. “गप उभ्या राहा,” हे माझं वाक्य इतकं गाजलं होतं की पोरी माझी नक्कल करायच्या.

या किमोनोत मी पडले ती मिहोमुळे. फेब्रुवारीत तिची आई बर्फावर घसरली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. तो किमोनो धडधाकट बाईलाही एकटीनं नेसणं अवघड, त्यांच्याकडेही नेसवणाऱ्या बायका वेगळ्या असतात. काझुएबाईंची धाकटी बहीण बरोबर येऊन नेसवणार होती, तिचं महिनाभर आधी रद्द झालं. मिहोला उन्हाळी सुती किमोनो गुंडाळता यायचा, पण हा नाही.

“काकी, साडी नेसवता, मग हे बी जमंल की,” मिहो म्हणाली होती.

नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, कापड ते कापड आणि बाई ती बाई. बहिणीनं तिकडं शेजारणीला उभं करून, फोन स्टँडला लावून, सगळं नेसवून दाखवलं आणि तो व्हिडिओ मला पाठवला. मिहोनं प्रत्येक वाक्य मराठीत लिहून दिलं. मी सून स्नेहलला रोज दुपारी समोर उभी करायची, पुढून उघडा असलेला गाऊन तिच्या अंगावर चढवायची आणि व्हिडिओ बघून बघून हात बसवायची. वीस वेळा तरी केलं असेल. स्नेहल म्हणायची, “आई, मला आता झोपेत बी कुणीतरी गुंडाळतंय असं वाटतंय.”

त्यांची रीत आपल्या अगदी उलटी. आम्ही बाईला कंबर काढून देतो आणि ते असलेली कंबर टॉवेल गुंडाळून बुजवतात. सगळं अंग एका रेषेत आलं पाहिजे. किमोनो अंगापेक्षा लांब असतो, तो वर ओढून कमरेशी दुमडायचा आणि दोऱ्यांनी बांधायचा. त्यावर वीतभर रुंद, दोन पुरुष लांब असा जरीचा पट्टा. त्याला ओबी म्हणतात. तो मागे दुहेरी पेटीसारखा बांधतात. दुहेरी का, तर घरातला आनंद दुहेरी व्हावा म्हणून. हे मिहोनं लिहून दिलेलं मला फार आवडलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी काझुएबाईंच्या अंगावर फक्त पट्टा बांधून पाहिला. किमोनो चढवला नाही. मे महिना, त्यात हळदीची गर्दी. त्या जुन्या रेशमाला घाम लागू नये म्हणून मीच नको म्हटलं. पट्टा फक्कड बसला. काझुएबाईंनी आरशात मान वळवून पाठ पाहिली आणि टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला, पण उजवा हात अर्ध्यावरच थांबला.

लग्नाचा मुहूर्त दुपारी बारा अठ्ठेचाळीसचा. कार्यालयातली वरची खोली आम्हाला दिली होती. मिहोला हिरवा शालू नेसवून झाला तेव्हा अकरा वाजत आले होते. पोरगी ठेंगणी, पण नऊवारी अशी खुलली की मीच तिच्यावरून बोटं मोडली. तिला फोटोवाल्यांनी नेलं आणि खोलीत आम्ही तिघीच राहिलो. मी, स्नेहल आणि काझुएबाई.

ती जाण्याआधी मी मिहोला म्हटलं होतं, “आईला तेवढा माझा नियम सांग. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई.” तिनं हसत सांगितलं. काझुएबाई ‘हाय’ म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या भाषेत ‘हो’.

आतला पांढरा झगा, त्यावर टॉवेल, दोऱ्या, मग किमोनो. मी गुडघ्यावर बसून घेर सारखा करत होते. बाई कशा उभ्या राहिल्या होत्या म्हणून सांगू! आमच्या नवऱ्या नाक खाजवतात, फोन मागतात, आईला हाक मारतात. ह्या दोन्ही हात जमतील तितके बाजूला करून, डोळे मिटून उभ्या. मी दोरी आवळली की श्वास आत घ्यायच्या, सोडली की सोडायच्या. मला वाटलं, उकडत असेल. स्नेहलला म्हटलं, “बग, ह्याला म्हणतात उभं राहणं.”

बारा वाजून दहा मिनिटांनी शेवटची दोरी बांधली, लहानसा सोनेरी पंखा पट्ट्यात खोचला आणि मागे सरकले. काम झालं होतं. मला माझाच अभिमान वाटला. काझुएबाईंनी डोळे उघडले, आरशात पाहिलं, माझ्याकडे वळून हसल्या आणि वाकल्या. आणि वाकताना त्यांचा डावा हात गळ्यापाशी गेला.

बावीस वर्षांत एक गोष्ट मी शिकले होते. नेसवणं कुठं चुकलं, हे बाईच्या तोंडाकडे बघून कळत नाही, हाताकडे बघून कळतं. काष्टा सैल असेल तर हात मागे जातो, निऱ्या लांब झाल्या तर मांडीवर जातो. तोंडानं ती “छान झालंय” म्हणत असते. काझुएबाई उभ्या झाल्या तरी हात गळ्याशीच. मी हात बाजूला केला, गळा नीट पाहिला. सुरकुती नव्हती. मी मागे सरले, तसा हात पुन्हा तिथंच.

“स्नेहल, मिहोला बोलव.”

“फोटो चाललेत, आई.”

“असू देत. बोलव.”

मिहो दारातून आत आली, “आई...” एवढं म्हणाली आणि थांबली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती जपानीत काहीतरी भरभर बोलली. काझुएबाईंनी शांतपणे दोन शब्दांत उत्तर दिलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाई, काकी.”

“मिहो, मी विचारतोय.”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “गळ्याचं उलटं झालंय. डावी बाजू वर पाहिजे. तुम्ही उजवी वर घेतलीसा.”

“मग? एवढंच?”

“उजवी वर...” तिला शब्द सापडेना, का म्हणवेना. “काकी, आमच्यात माणूस मेल्यावर त्याला असं घालत्यात.”

लग्नाच्या दिवशी, नवरीच्या आईला, मी प्रेताला नेसवतात तसं नेसवलं होतं. आणि काळं.

“पण व्हिडिओत...” मी म्हटलं. स्नेहलनं तोवर फोन काढला होता. तिनं दोन मिनिटं पाहिला आणि तिच्या लक्षात आलं. पाठीमागच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावरचे आकडे उलटे दिसत होते. बहिणीनं फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं, स्वतःकडे बघत, तो व्हिडिओ काढला होता. म्हणजे मी महिनाभर आरशातलं बघून शिकत होते. त्यात डावं ते उजवं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. मला त्या आरशानंच बुडवलं.

“मावशीनं तोंडानं सांगितलं कसं न्हाई, डावी वर म्हणून?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

“ते कुणी सांगतच न्हाई, काकी. दोन वर्षांच्या पोराला बी ठाऊक असतंय. पदर डाव्या खांद्यावर घ्यायचा, हे तुम्ही मला सांगितलंसा? घेतलासाच की.”

बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती. गळा उलटा करायचा म्हणजे वरवर ओढून भागणार नव्हतं. आतला झगाही मी तसाच उलटा नेसवला होता. पट्टा, दोऱ्या, टॉवेल, सगळं उतरवून पहिल्यापासून. आत्ताच मला त्याला तास लागला होता.

काझुएबाई मिहोशी बोलल्या आणि त्यांनी पट्ट्यातला पंखा काढून, उघडून, छातीशी धरला. गळा झाकला गेला.

मिहोनं सांगितलं, “आई म्हणती, राहू दे. हितं कुणालाच कळत न्हाई. ती पंखा असा धरून मागं उभी राहील. पुढं येणार न्हाई.”

“पुढं येणार न्हाई म्हंजे? तुझ्या मागं उभी राहणार होती न्हवं?”

मिहोच्या डोळ्यांत पाणी आलं. “तसं घालून माझ्या मागं उभी न्हाई राहायची ती. वाईट असतंय ते. माझ्यासाठी.”

तेवढ्यात हौसाआत्या दारात आल्या. “नवरीला घेऊन जायला रणजितचा मामा खाली उभा हाय. मुंडावळ्या बांधल्या का?” मग आमची तोंडं पाहून म्हणाल्या, “काय झालं?”

मी सगळं सांगितलं. लपवावं असं वाटलं होतं, खरं सांगते. काळ्यावरून एवढं बोलणाऱ्या बाईला, मी हे असं करून बसले, हे सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाव गटारात टाकणं. आत्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. काझुएबाईंच्या हातातल्या पंख्याकडे पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत होते.

“किती वेळ लागंल?” त्या म्हणाल्या.

“पाऊण तास. लई जीव टाकला तर पस्तीस मिनिटं. सहाएक मिनिटं तरी मुहूर्त चुकंल, आत्या.”

“चुकू दे.”

माझा कानावर विश्वास बसेना. या बाईनं स्वतःच्या पोरीचं लग्न जेवणाच्या पंगती थांबवून, पण मिनिटाला मिनिट लावून घेतलं होतं.

“मुहूर्त कशासाठी असतोय गं?” त्या म्हणाल्या. “पोरीचं चांगलं व्हावं म्हणून न्हवं? मग आईला तसल्या कपड्यात कोपऱ्यात उभी करून कसलं चांगलं व्हायचं? मी नवरीला नेतो. अंतरपाट धरायला लावतो. तू विहीणबाईंना घेऊन ये. तवर मी मंगलाष्टकं म्हणतो.”

“आणि भटजी?”

“भटजींनी माझी मंगलाष्टकं कधी थांबवल्यात?”

ते मात्र खरं होतं. आत्यांची घरची मंगलाष्टकं हा इंगवल्यांच्या प्रत्येक लग्नातला छळ होता. भटजींची झाली की आत्या वही काढायच्या आणि मांडवातली माणसं अक्षता मुठीत धरून घामाघूम व्हायची. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या वहीचा आधार वाटला.

मिहोला त्या घेऊन गेल्या. मी स्नेहलला म्हटलं, “दाराला कडी घाल.” मग काझुएबाईंच्या समोर हात जोडून उभी राहिले. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी. त्यांनी पंखा मिटून टेबलावर ठेवला आणि हात बाजूला केले.

पट्ट्याची मागची पेटी सोडली असती तर पुन्हा बांधायलाच पंधरा मिनिटं गेली असती. म्हणून मी पेटी तशीच ठेवली, आतल्या पदरात चार सेफ्टी पिना मारल्या आणि पेटीसकट पट्टा सोडवून घेतला. पिना बघून काझुएबाईंचे डोळे मोठे झाले. तीनशे वर्षांत त्यांच्याकडे कुणी असलं पाप केलं नसेल. पण आमच्याकडे पिनांशिवाय लग्न लागत नाही, हे त्यांना कसं सांगू? मी पिन दाखवून मान हलवली. त्यांनीही मान हलवली आणि हसल्या.

दोऱ्या, टॉवेल, किमोनो, झगा. सगळं उतरलं. मग पुन्हा आतला झगा. मी दोन्ही बाजू हातात धरल्या आणि माझे हात थबकले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला हातांचा भरवसा वाटेना. काझुएबाईंनी माझं मनगट धरलं. आधी उजवी बाजू अंगाशी नेली. मग डावी तिच्यावर आणून ठेवली. आणि माझ्या हातावर हलकेच थापटलं.

खालून कर्ण्याचा आवाज येत होता. भटजींची झाली. मग आत्यांचा खणखणीत आवाज:

आली दूर समुद्र लांघुन बघा, सोडोनि माहेरही
आता हीच खरी सुखाचि वसती, कोल्हापुरी सासरी...

“शुभ मंगल सावधान,” माणसं ओरडली. पुन्हा आत्या. मग रणजितच्या आजोबांवर एक कडवं, मग कुलदैवतावर, मग उसाच्या मळ्यावर. स्नेहल दोऱ्या हातात देत होती आणि मोजत होती. “सहावं, आई... सातवं.” सातव्यात आत्यांनी रणजित लहानपणी विहिरीत पडला होता ते घेतलं. मांडव हसायला लागला. आठव्याला त्यांचा आवाज बसायला लागला. नवव्याला शब्द सुचेनात, तेव्हा त्यांनी पहिलंच पुन्हा म्हटलं.

बारा पंचेचाळीस, पन्नास, बावन्न. मी घेर सारखा केला, कमरेची दुमड बसवली, पिनांसकट पेटी पाठीवर लावली आणि समोरून दोरी ओढून गाठ मारली. स्नेहलनं पंखा खोचला. काझुएबाईंनी आरशात पाहिलं. या वेळी त्यांचा हात गळ्याकडे गेला नाही.

आम्ही जिना उतरलो तेव्हा आत्या अकराव्या कडव्याच्या मध्यात होत्या. घामानं निथळत होत्या, वही बंद करून छातीशी धरली होती, म्हणजे आता मनानंच जुळवत होत्या. माणसांनी वाट दिली. काळा किमोनो, त्यावर सोनं, आणि ती ताठ बाई लहान लहान पावलं टाकत मांडवातून गेली आणि मुलीच्या मागे जाऊन उभी राहिली. मिहोनं मागे वळून पाहिलं नाही. नवरीनं मान वळवायची नसते. पण काझुएबाईंनी तिच्या पाठीला बोटं लावली आणि मुंडावळ्या हलल्या.

आत्यांनी ते पाहिलं आणि कडवं अर्ध्यावर सोडून दिलं. “सावधान,” त्या म्हणाल्या. अंतरपाट खाली आला. मुहूर्त सात मिनिटं चुकला होता. अक्षतांच्या पावसात मी खांबाला टेकून रडले. लोकांना वाटलं, शालनला नवरीचं कौतुक वाटतंय.

पुढची चार वर्षं ही गोष्ट मला मनात कुरतडत होती. चूक निस्तरली होती, मिहोचा संसार छान चालला होता, मुहूर्ताचं कुणाला आठवतही नव्हतं. मला बोचायचं ते वेगळंच. काझुएबाईंना कळलं कधी? पहिली घडी पडली तेव्हाच कळलं असणार. दोन वर्षांच्या पोराला कळतं ते. तरी तासभर बाई तोंडातून ब्र न काढता उभी राहिली. लोक म्हणायचे, जपानी माणसं असतात तशी, दुसऱ्याचं मन दुखवत नाहीत. मला पक्कं ठाऊक होतं की तसं नाही. मीच सांगितलं होतं, बोलायचं नाही म्हणून. माझ्या माजापायी त्या बाईनं मेलेल्याची घडी अंगावर सोसली. त्या दिवसापासून मी कुणाला ‘गप उभ्या राहा’ म्हटलं नाही. आता नवऱ्या माझ्या कानाशी अखंड बडबडतात.

मिहोला मुलगी झाली. बारसं कोल्हापुरात ठरलं आणि काझुएबाई पुन्हा आल्या. आदल्या दिवशी मी मिहोला बाळंतविडा द्यायला गेले, तेव्हा न राहवून बोलले.

“तुझ्या आईला विचार गं एकदा. त्या दिवशी सांगितलं का न्हाई? माझ्या नियमानंच ना? मला माफी मागायचीया.”

काझुएबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मिहोनं विचारलं. त्या लाजल्या. साठीची बाई, पण पोरीसारखी लाजली. मग बराच वेळ हळूहळू बोलत राहिल्या. मिहो ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं आईचा हात हातात घेतला.

“काय म्हणतात?”

“आई म्हणती, नियमामुळं न्हाई. ती बोलणार होती.” मिहो थांबली. “बाबा गेल्यापास्नं ती एकटी राहती, काकी. मी हितं. खांदा मोडला तवा तीन महिने एका हातानं कपडे घालायची. बटन दातानं लावायची. मला कधी सांगितलं न्हाई. आणि त्या दिवशी तुम्ही तिला नेसवायला लागलासा. ती म्हणती, लहानपणी आई घालायची, त्यानंतर असं कुणी गुडघ्यावर बसून, मायेनं कपडे घातलेच न्हवते. पहिली घडी उलटी पडली तवाच तिला कळलं. पण सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता. तिला तुम्ही थांबायला नको होतं. ती म्हणती, आणखी थोडा वेळ, आणखी थोडा वेळ, असं करत करत सगळं नेसवून झालं. तिलाच तुमची माफी मागायचीया.”

चार वर्षं मी ज्याला माझा गुन्हा समजत होते, ती त्या बाईची चैन होती. मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे नाकातून काहीतरी भलताच आवाज निघाला. बाळ दचकलं.

दुसऱ्या दिवशी बारशाच्या आधी, इंगवल्यांच्या घरी मी तयारी करत होते त्या वरच्या खोलीचं दार वाजलं. काझुएबाई होत्या, हातात कागदात बांधलेला किमोनो. या वेळचा काळा नव्हता, फिक्या जांभळ्या रंगाचा होता. त्यांचा खांदा आता पूर्ण बरा झाला होता. सकाळीच मी त्यांना माळ्यावरचा पितळी डबा एका हातानं काढताना पाहिलं होतं. असा किमोनो त्या डोळे मिटून, पंधरा मिनिटांत, स्वतःच नेसू शकत होत्या.

त्यांनी तो माझ्या हातात दिला. खोलीच्या मधोमध गेल्या, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरले आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या.

खाली पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या, हौसाआत्या जिन्यातून हाका मारत होत्या. मी दार लावून घेतलं आणि गुडघ्यावर बसले. घाई काही केली नाही.